दादा शेवटी बोलतील

माझ्या धाकट्या जावेला घरात सगळे टाचणी म्हणतात. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा अंगाने एवढीशी, बोलणं त्याहून थोडं. आल्यावर काही दिवसांतच तिने सासूबाईंना विचारलं, "आई, दुधाचं पातेलं रोज ओट्याच्या अगदी कडेला का असतं? रोज कुणाचा तरी हात लागतो आणि रोज तुम्ही ओरडता."

सासूबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ही टाचणी आहे गं. दिसत नाही, पण टोचते."

टाचणीने पातेलं आत सरकवलं आणि म्हणाली, "टोचते तशी धरूनही ठेवते, आई." त्या दिवसापासून तिचं खरं नाव फक्त बँकेत राहिलं.

लग्नाआधी ती एका मोठ्या शाळेच्या ऑफिसात होती. शिक्षकांचं वेळापत्रक लावणं हे तिचं काम. "त्यात फार अक्कल लागत नाही, ताई," ती मला एकदा म्हणाली होती. "गणिताच्या सरांना गाण्याचा तास द्यायचा नाही आणि ज्याचं काम नाही त्याला उगाच वर्गात बसवायचं नाही. एवढं सांभाळलं की शाळा चालते." मी हसून सोडून दिलं होतं. याच दोन गोष्टींवर पुढे आमचा कारखाना तरेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

कारखाना म्हणजे आमच्या घराला लागून असलेला एक लांब हॉल. एका टोकाला कापडाचे तागे, मध्ये कापणीचं मोठं टेबल, खिडक्यांच्या बाजूने शिवणयंत्रांची रांग. आम्ही पडदे करतो, पण घराच्या खिडक्यांचे नाही. हॉस्पिटलात दोन खाटांच्या मध्ये जे लांब पडदे असतात ना, वर हवेसाठी जाळी आणि खाली जाड कापड, छताच्या पट्टीत हुकांवर सरकणारे, ते आमचे. डॉक्टर तपासायला आले की सर्रकन ओढायचे आणि आतल्या माणसाची लाज राखायची, एवढं त्या पडद्याचं काम. हे, म्हणजे माझे यजमान, कारखान्याचे मालक. त्यांना सगळे दादा म्हणतात. धाकटे भाऊजी, टाचणीचे यजमान, हुक, पट्ट्या आणि माल पोचवणं बघतात. कापड कापायला मास्तर. मास्तर यांच्याच वयाचे. दोघं एकाच टेबलावर कात्री धरायला शिकलेले. टाचणी आली ती पत्रव्यवहार बघायला.

आता दादांविषयी सांगायचं तर नवऱ्याची निंदा केल्याचं पाप लागेल, पण खरं ते खरं. यांना प्रश्न दिसला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. रस्त्यात कुणी तिसऱ्याच माणसाला पत्ता विचारत असेल तरी हे थांबून सांगणार. माहीत नसला तरी सांगणार. आणि घरातली शिस्त अशी की दादा बोलले की विषय संपला. त्यांच्या बोलण्यावर "पण" म्हणायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, हवेतच होतं.

हॉस्पिटलवाल्यांबरोबरच्या बैठका कॉम्प्युटरवरून व्हायला लागल्या तेव्हा ही शिस्त तशीच्या तशी पडद्यावर गेली. कापणीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचा. समोर खुर्चीवर दादा. त्यांच्या पाठीमागे भाऊजी, मास्तर आणि टाचणी उभे, शाळेतल्या वर्गाचा फोटो काढतात तसे. पलीकडून प्रश्न यायचा, दादा उत्तर द्यायचे, मागचे माना हलवायचे. "थँक यू, थँक यू" झालं, लॅपटॉप मिटला, दादा चहाला आत आले की खरी मीटिंग जिन्यात सुरू व्हायची. मास्तर भाऊजींना म्हणायचे, "एवढ्यात कसं होईल?" भाऊजी मास्तरांना म्हणायचे, "मग बोलला का नाहीत?" मास्तर म्हणायचे, "तुम्ही का नाही बोललात?" आणि दोघं मिळून टाचणीकडे बघायचे.

असं रेटत रेटत वर्षं गेली असती, पण एक प्रश्न नेमका नको तिथे आला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे चार-पाच हॉस्पिटलं चालवणारी एक संस्था. त्यांचे खरेदीचे मोठे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "आमच्याकडे पडदे उकळत्या पाण्यात धुतात. हे नवीन कापड आटणार तर नाही?"

"आटेल?" हे हसले. "आमचं कापड? आटायचं नाव नाही!"

पडदे गेले. पहिल्या धुलाईतून परत टांगले गेले ते आखूड होऊन. खाटेखालच्या चपला दिसायला लागल्या, तपासणीला उतरलेल्या माणसाच्या पोटऱ्या दिसायला लागल्या. एका आजीबाईंनी म्हणे सिस्टरना विचारलं, "हा पडदा आहे की परकर?"

साहेबांचा निरोप कोरडा होता. आणखी एक ऑनलाइन मीटिंग होईल. समाधान झालं तर पुढे बघू, नाही तर यापुढचं सगळं काम दुसरीकडे. आमची बहुतेक यंत्रं त्यांच्याच कामावर चालत होती. हे त्या दिवशी जेवले नाहीत. "काम गेलं तर हॉल भाड्याने देऊन टाकायचा," म्हणाले. "कुणीतरी खोकी भरून ठेवील." शिवणाऱ्या बायका मला दारात गाठून विचारायच्या, "वहिनी, खरं का हो?" मी काय सांगणार? मी म्हणायचे, "आधी मीटिंग तर होऊ दे."

त्याच संध्याकाळी टाचणी यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "दादा, ही मीटिंग मी घेऊ?"

"घेऊ म्हणजे? मी कुठे गेलो?"

"तुम्ही असालच. मी फक्त कोण कधी बोलणार ते लावते. शाळेत लावायची तसं."

"तिथे मुलं होती, बाई. इथे साहेब आहेत."

"मुलं जास्त अवघड असतात, दादा."

भाऊजी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

टाचणी स्वयंपाकघरात आली. तिच्या फोनमध्ये त्या आधीच्या मीटिंगचं चित्रण होतं. साहेबांच्या ऑफिसकडून सगळ्यांना आपोआप आलेलं. "ताई, हे दादांना दाखवू का? वाईट वाटेल का त्यांना?"

मी ते पाहिलं आणि म्हटलं, "दाखव. पण समोर उभी राहू नकोस. चहाबरोबर ठेव आणि इकडे ये."

तिने तसंच केलं. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या. बाहेरून यांचाच आवाज येत होता, फोनमधून: "आटेल? आमचं कापड? आटायचं नाव नाही!" मग पुन्हा तेच वाक्य. मग पुन्हा. हे मागे घेऊन घेऊन बघत होते. टाचणीने माझा हात धरला होता.

शेवटी हे आत आले, कप मोरीत ठेवला. इतक्या वर्षांत कप मोरीपर्यंत पहिल्यांदाच आला असेल. "मास्तर दोनदा तोंड उघडतात," ते म्हणाले. "माझ्या मागे. उघडतात आणि मिटतात. त्यांना माहीत होतं."

"हो," टाचणी म्हणाली.

"मला पाठीला डोळे नाहीत गं."

"म्हणूनच म्हणते, दादा. एका लॅपटॉपसमोर सगळ्यांनी बसायचंच नाही. प्रत्येकाने आपल्या खोलीत, आपल्या फोनवर. मग प्रत्येकाची वेगळी चौकट येते. कुणी तोंड उघडलं की तुम्हाला दिसेल."

"आणि मी?"

"तुम्ही शेवटी बोलायचं. तुम्ही आधी बोललात की पुढे कुणी बोलत नाही. आमचंच चुकतं, पण तसं होतं खरं."

"शेवटी? मग तोवर मी तिथे बसून करू काय?"

"ऐकायचं."

"एवढा वेळ?" हे इतक्या घाबऱ्या आवाजात म्हणाले की मला पदर तोंडाला लावावा लागला. पण मग खुर्ची ओढून बसले आणि तिला म्हणाले, "लाव. कसं लावायचं ते लाव."

टाचणीची तयारी मी जवळून पाहिली. तिने आधी कागदावर एकच ओळ लिहिली: मीटिंग संपेल तेव्हा काय ठरलेलं असायला हवं? त्या ओळीवर ती भाजी निवडता निवडता बराच वेळ बसली. "साहेबांचा राग जावा" असं आधी लिहिलं, मग खोडलं. "राग जाणं काही ठरवता येत नाही," म्हणाली. शेवटी लिहिलं: एका वॉर्डात नवे पडदे लावून बघायला त्यांनी हो म्हणावं. तेवढंच. मग त्याखाली तीन प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नापुढे माणूस. कापड मास्तरांचं. हुक आणि पोचवणं भाऊजींचं. तिसरा प्रश्न होता, आताच्या पडद्यांचा त्रास नक्की काय होतोय? त्यापुढे तिने जागा रिकामी ठेवली.

"हा तर साहेबांचा," मी म्हटलं.

"साहेब कधी पडदा ओढतात का, ताई?"

तिने साहेबांच्या ऑफिसातल्या मुलीला फोन लावला. "तुमच्याकडे वॉर्डात पडदे रोज कोण ओढतं? त्यांना मीटिंगला बोलवता येईल का?" ती मुलगी गडबडली. असं कुणी कधी विचारलं नव्हतं. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर असतात, पण त्या मीटिंगला बसत नाहीत, साहेबच सगळं बोलतात. टाचणीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. "ताई, त्यांच्याकडे पण एक दादा आहेत!"

तिने साहेबांना नम्र निरोप पाठवला, तीन प्रश्न जोडले, आणि सिस्टर थोडा वेळ आल्या तर तुमचाच वेळ वाचेल असं लिहिलं. होकार आला. पण त्यात एक मेख मारलेलीच होती: "आमच्याकडे वेळ फार नाही."

तालीम मात्र पार फसली. टाचणीने सगळ्यांचे माइक बंद ठेवायला सांगितले होते. जो बोलेल त्याने आपला सुरू करायचा. मास्तर कापणीच्या टेबलापाशी फोन उभा करून बसले, तर आम्हाला दिसलं छत आणि पंखा. भाऊजी गोदामातून बोलत होते, माइक बंद. हातवारे मात्र जोरदार. "काय म्हणतोय तो?" हे ओरडले, आणि यांचा माइक सुरू होता. त्यात सासूबाईंना वाटलं आपणही पाहावं; त्या टाचणीचा जुना फोन घेऊन यांच्याच शेजारी येऊन बसल्या. दोन फोन एका खोलीत! अशी काही शीळ उठली की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

शीळ थांबली तर पुढचं संकट. टाचणी प्रश्न विचारी आणि सगळे चिडीचूप. कुणीच बोलेना. प्रत्येक जण यांच्या चौकटीकडे बघत बसलेला. यांनी ओठ इतके घट्ट मिटले होते की मास्तर म्हणाले, "दादांची दाढ दुखते का?"

त्या दिवशी टाचणी खचली. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाली, "मी त्यांना गप्प बसायला शिकवलं, ताई. बोलायला नाही."

"मग शिकव. तुला कोण अडवतंय?"

दुसऱ्या दिवशी ती एकेकाकडे गेली. मास्तरांकडे जाऊन कापणीच्या टेबलाशी उभी राहिली, म्हणाली, "मास्तर, साहेब विचारतील, कापड आटतं का? मला सांगा, मी साहेब." मास्तर म्हणाले, "आटतंच. कापायच्या आधी उकळून, वाळवून घ्यावं लागतं. मग नाही आटत." "हेच. एवढंच. असंच." भाऊजींचंही तसंच करून घेतलं. आणि दादांना म्हणाली, "तुम्ही तोंड नुसतं मिटून बसू नका. मान हलवा. मास्तर बोलताना त्यांना दिसू दे की तुम्हाला पटतंय."

"आणि नाही पटलं तर?"

"तरी हलवा. शेवटी तुम्हीच आहात."

मीटिंगच्या दिवशी हे झोपायच्या खोलीत टेबलाशी बसले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही अशी. फोनच्या पडद्यावर चौकटी उघडल्या. मास्तर, या वेळी चेहऱ्यासकट. भाऊजी. मोठे साहेब, कपाळावर आठ्या. आणि एक पांढऱ्या पोशाखातल्या बाई, कोपऱ्यात अवघडून बसलेल्या. त्या मुख्य सिस्टर. टाचणी मध्ये.

"नमस्कार," ती म्हणाली. "साहेब, तुमचा वेळ थोडा आहे म्हणून आधीच सांगते. आज एकच ठरवायचं आहे. एका वॉर्डात नवे पडदे लावून बघायचे की नाही. आधी सिस्टर सांगतील त्रास काय होतो, मग मास्तर कापडाचं, मग हुकांचं. शेवटी दादा आणि तुम्ही."

साहेब म्हणाले, "त्रास मी सांगतो ना. पडदे आखूड झालेत."

टाचणी हसली. "ते आम्हाला कळलंय, साहेब, आणि ती चूक आमची आहे. सिस्टर, आणखी काही?"

आणि ती गप्प बसली. मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी बोलेलच. यांचा हात माइकच्या खुणेकडे निघाला. मी मनगट धरलं. टाचणी शांतपणे सिस्टरांकडे बघत होती, जणू तिला दिवसभर दुसरं काही कामच नाही.

"आवाज," सिस्टर म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "आवाजाचं बघा हो काहीतरी. रात्री एकाचं सलाइन बदलायला पडदा ओढला की खर्रर्र करून सगळा वॉर्ड जागा होतो. आम्ही पडदा उचलून धरून चालतो. आखूड झाला ते एक वेळ चालेल. पण झोपमोड? आजारी माणसाची?"

साहेबांच्या आठ्या हलल्या. "हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही, सर."

मास्तर बोलले. कापड आटतं, आधी उकळून घ्यावं लागतं, आणि उकळलेल्या कापडाचा तुकडा त्यांनी हातात धरून दाखवला, आधीच्या तुकड्याशेजारी. भाऊजी म्हणाले, धातूच्या हुकांऐवजी छोट्या नायलॉनच्या चाकांचे हुक मिळतात, तुमच्या जुन्याच पट्टीत बसतील.

साहेब खुर्चीत पुढे झुकले. "ठीक आहे. मग सगळं एकदमच बदला. या महिन्यात होईल?"

हाच तो प्रश्न. अशा प्रश्नाला यांनी जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं. पण हे बघत होते मास्तरांच्या चौकटीकडे. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि यांनी, मी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्याकडे बघून मान हलवली. बोला.

"नाही होणार, साहेब," मास्तर म्हणाले. "कापड उकळायला, वाळायला वेळ लागतो. घाई केली तर पुन्हा तोच परकर."

आणि मग सिस्टर फिस्सकन हसल्या. त्यांच्या पाठोपाठ साहेब. आजीबाईंचं ते वाक्य त्यांच्यापर्यंतही पोचलेलं होतं तर!

"दादा?" टाचणी म्हणाली.

यांनी माइक सुरू केला. घसा खाकरला. "मागच्या वेळी मी मास्तरांना न विचारता हो म्हटलं. आज मास्तर नाही म्हणतात, तर नाही. एक वॉर्ड द्या. सिस्टर ज्या सांगतील तोच. त्यांनी ओढून बघायचं आणि त्यांनीच सांगायचं."

एवढंच बोलले. यांचं इतकं छोटं भाषण मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

साहेब सिस्टरांकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?" आणि सिस्टरांनी पाठ सरळ केली. "लावा," त्या म्हणाल्या.

मीटिंग संपली, आणि जिन्यात कुणी थांबलं नाही. बोलायचं काही उरलंच नव्हतं. साहेबांनी चष्मा पुसून ठेवला असेल-नसेल तोवर टाचणीचा निरोप सगळ्यांकडे गेला: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. चार ओळी. ऑफिसातल्या त्या मुलीचं उत्तर आलं, "तुम्ही आमच्या पण मीटिंगा घ्या ना!"

मग कारखान्यात कढया चढल्या. म्हणजे खरोखरच, कापड उकळायला मोठी भांडी मांडली, अंगणात तागे वाळत पडले. वॉर्डातले पडदे लागले, त्यांची धुलाई झाली, पुन्हा टांगले गेले, आणि ठरल्या दिवशी दुसरी मीटिंग आली. या वेळी सिस्टर वॉर्डातूनच बोलणार होत्या. फोन एका हातात, दुसऱ्या हातात पडद्याची कड. आधी त्यांनी फोन खाली नेऊन दाखवलं. पडद्याची खालची कड होती तिथेच होती, एका बोटाचाही फरक नाही. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"आता आवाज," सिस्टर म्हणाल्या आणि पडदा ओढला. पडदा सरसर सरकला, खाट झाकली गेली.

"सिस्टर, तुमचा माइक बंद झाला," साहेब म्हणाले.

"ऐकू येत नाही, सिस्टर," भाऊजी म्हणाले.

सिस्टरांनी पडदा परत ओढला. पुन्हा शांत. साहेब आपल्या कॉम्प्युटरची बटणं दाबायला लागले. "माझाच आवाज गेला की काय?"

"अहो सर, माइक सुरू आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खणखणीत आला. "पडद्याला आवाजच नाही!" त्यांनी तो पुन्हा ओढला, पुन्हा सोडला, एखाद्या लहान मुलीने ओढावा तसा. मागे खाटेवर कुणीतरी तोंडावर हात घेऊन गाढ झोपलेलं होतं. कूससुद्धा बदलली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्याच्या हुकासाठी माणूस रडतं का? मी रडले.

साहेब म्हणाले, "आमच्या सगळ्या हॉस्पिटलांचे पडदे तुम्हीच करा. कधीपर्यंत होतील?"

टाचणीने मास्तरांना विचारलं. मास्तरांनी सांगितलं. भाऊजींना विचारलं, भाऊजींनी त्यात पोचवायचे दिवस मिळवले. मग दादा. यांनी मास्तरांकडे पाहिलं, धाकट्या भावाकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. "जमेल," म्हणाले. "यांनी सांगितलं त्याच दिवशी."

"मग ठरलं," टाचणी म्हणाली. "वेळ उरलाय, पण उरलाय म्हणून वापरलाच पाहिजे असं नाही. सिस्टर, तुमचे पेशंट वाट बघत असतील. नमस्कार." आणि चौकटी एकामागून एक मिटल्या.

खोलीचं दार उघडलं तर बाहेर सगळ्या शिवणाऱ्या बायका उभ्या. कुणाच्या गळ्यात मोजायची पट्टी, कुणाच्या हातात अर्धा शिवलेला पडदा. कुणी विचारलं नाही, नुसत्या बघत होत्या. हे पुढे झाले. तोंड उघडलं. मग बाजूला सरकून टाचणीला म्हणाले, "तू सांग."

टाचणीला असं काही अपेक्षित नव्हतं. "काम गेलं नाही," ती म्हणाली. "आहे ते राहिलं आणि नवीन आलं. आणखी माणसं लागतील. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर उद्यापासून घेऊन या."

त्या हॉलमध्ये मी इतकी वर्षं ये-जा केली, पण असा गलका कधी ऐकला नव्हता. मास्तरांनी कात्री हवेत वाजवली. कुणीतरी टाचणीला उचललंच. वजन ते काय तिचं! आणि मग, कुणी सांगायच्या आधी, एकेक करून बायका जागेवर बसल्या आणि सगळी यंत्रं एकदम सुरू झाली. हे माझ्या कानाशी येऊन मोठमोठ्याने काहीतरी सांगत होते. त्या धडधडाटात मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी आपली मान हलवत राहिले, आणि दोघंही हसत सुटलो.